घरातले इंटरनेट: आधी मोजावे, मग वायर पाहावी, राउटर शेवटी बदलावा

माझे घर मुलुंडला, सातव्या मजल्यावर, दोन बेडरूमचे. जवळपास दोन वर्षे आम्ही ३०० एमबीपीएसच्या योजनेचे पैसे भरत होतो आणि आतल्या खोलीतील संगणकाला ९४ च्या वर वेग कधीच मिळाला नाही. सेवा देणाऱ्यांनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा त्याने राउटर बंद करून चालू केला, हॉलमध्ये उभे राहून मोबाइलवर वेग दाखवला आणि मोठी योजना घेण्याचा सल्ला दिला. शेवटी एका रविवारी मी दारामागून बेडरूमकडे गेलेल्या वायरीचे टोक काढून खिडकीच्या उजेडात धरले. पारदर्शक क्लिपमध्ये आठ तारा दिसायला हव्या होत्या; तिथे चारच होत्या, आणि निळी व तपकिरी जोडी क्लिपच्या मागे आवरणालगत कापून टाकलेली होती. दोन्ही बाजूंना नवी टोके बसवल्यावर त्याच योजनेत, त्याच राउटरवर, त्याच संगणकाला २९० चा आकडा मिळाला.

घरातले इंटरनेट संथ झाले की आपण बहुधा योजना वाढवतो किंवा नवा राउटर आणतो. माझ्या मते हे दोन्ही उपाय यादीच्या शेवटी यायला हवेत. इमारतीच्या डक्टमधील पेटीपासून तुमच्या हातातील मोबाइलपर्यंत पाच-सहा टप्पे असतात आणि त्यांतील सर्वांत अरुंद टप्पा जेवढा वेग जाऊ देतो तेवढाच पुढे पोहोचतो. बाकीचे टप्पे कितीही रुंद केले तरी फरक पडत नाही. म्हणून भिंतीपासून सुरुवात करून एकेक टप्पा तपासत खोल्यांकडे जावे. मुलांचा अभ्यास, घरून चालणारी नोकरी आणि गावाकडच्या आईवडिलांशी रोजचे बोलणे या सगळ्यांचा भार आता याच एका जोडणीवर असल्याने एक सुट्टीचा दिवस या कामाला देणे योग्य ठरते.

मोजमाप

सुरुवात एककापासून करावी लागते, कारण बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. योजनेवर लिहिलेले एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, तर फाइल उतरताना संगणक दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या योजनेत फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटच्या आतबाहेरच उतरणार. तो आकडा पाहून कोणी फसवणूक झाल्याचे समजू नये.

मोजण्यासाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट मुख्य राउटरला जोडावा, लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे आणि घरातील टीव्ही, मोबाइल, कॅमेरे तेवढ्यापुरते जोडणीवरून उतरवावेत. लॅपटॉपला लॅनचे पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर वापरावा. स्वस्तातले जुने यूएसबी २ चे अडॅप्टर अनेकदा १०० वरच अडतात आणि मोजमापच चुकते. मग स्पीड टेस्ट करून डाउनलोड, अपलोड आणि पिंग (संकेत जाऊन परत यायला लागणारा वेळ) हे तिन्ही आकडे वेळेसह कागदावर लिहावेत. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, जेव्हा अख्खी इमारत टीव्हीसमोर असते, अशा तीन वेळा हे करावे. त्यानंतर वाय-फाय चालू करून राउटरपासून दोन मीटरवर, आणि मग प्रत्येक खोलीत, नेहमी जिथे बसतो नेमक्या त्या जागी, पुन्हा मोजावे.

हा कागद पुढच्या सगळ्या कामाचा आधार आहे. केबलवर तिन्ही वेळा पूर्ण वेग मिळत असेल आणि खोल्यांत मिळत नसेल, तर दोष घरात आहे. केबलवरही दिवसा वेग ठीक आणि रात्री निम्म्यावर येत असेल, तर बाहेरच्या वाहिनीवर गर्दी आहे आणि घरात काहीही बदलून उपयोग नाही. वेग महिन्याच्या शेवटी एकाएकी पडून एका ठरावीक लहान आकड्यावर स्थिर राहत असेल, तर योजनेची मासिक मर्यादा संपली असण्याची शक्यता मोठी आहे. अमर्याद म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांनाही ३३०० जीबीसारखी मर्यादा असते. आणि १०० पेक्षा मोठी योजना असूनही आकडा नेहमी ९३ ते ९५ च्या दरम्यानच थांबत असेल, तर कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे.

गरज किती, याचाही अंदाज इथेच घ्यावा. एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस, ४के चित्रपटाला १५ ते २५, आणि चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी ३ ते ४ एमबीपीएस लागतात. चार माणसांच्या घराला खरोखरचे १०० एमबीपीएस सर्व खोल्यांत मिळाले तर ते भरपूर होतात, आणि हॉलमध्ये ५०० मिळून बेडरूममध्ये ८ मिळण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

भिंतीपासून राउटरपर्यंत

मुंबईत बहुतेक ठिकाणी आता फायबर घरापर्यंत येते. डक्टमधून आलेली बारीक वायर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. तो प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतात करतो. बहुतेक ओएनटीमध्ये राउटर आणि वाय-फायही असते. त्यावरील एलओएसचा दिवा लाल झाला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही आणि तक्रार नोंदवण्यापलीकडे घरात करण्याजोगे फारसे काही नसते. दिवा ठीक असूनही जोडणी वरचेवर तुटत असेल तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर मिळणाऱ्या प्रकाशाची शक्ती पाहावी. ती आरएक्स पॉवर या नावाने, डीबीएममध्ये आणि उणे चिन्हासह लिहिलेली असते. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यानचा आकडा निरोगी समजावा. तो उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर तक्रार करावी. दर ३ डीबी घटीला शक्ती निम्मी होते, त्यामुळे उणे २२ वरून उणे २८ वर जाणे म्हणजे चौथा हिस्साच प्रकाश उरणे.

घरातली फायबर कोपऱ्यात घट्ट मुडपलेली, दारात चेंगरलेली किंवा पडद्याच्या खिळ्याला बांधलेली नाही ना, हे पाहावे. तिचा वळसा निदान तीन सेंटीमीटर त्रिज्येचा ठेवावा. तिचे टोक उघडे असताना त्यात डोकावू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. टोकाला बोट लावले तरी तेलकट डाग संकेत खातो.

तारांची गोष्ट

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण इथला दोष डोळ्यांना सहज दिसत नाही आणि दुरुस्तीला मात्र सर्वांत कमी खर्च येतो. लॅन केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी त्यांपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटसाठी चारही लागतात. एखादी जोडी तुटली किंवा बसवलीच नाही तर दोन्ही बाजूंची उपकरणे आपापसांत ठरवून निमूटपणे १०० वर उतरतात. बहुधा कोणताही इशारा येत नाही, दिवे नेहमीसारखेच दिसतात.

तपासण्याची रीत सोपी आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट असे गेल्यावर लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००/१००० असेल तर वायर ठीक आहे. १००/१०० दिसल्यास आधी केबल बदलून पाहावी. तरीही आकडा तोच राहिला तर उपकरणाचे पोर्टच १०० चे आहे. राउटरच्या पोर्टबाबत खोक्यावरील मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. एसी १२०० लिहिलेल्या, स्वस्तातल्या कित्येक राउटरचे सर्व पोर्ट १०० चेच असतात. १२०० हा आकडा वाय-फायच्या दोन लहरपट्ट्यांतील (बँडांतील) वेगांची, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरील ८६७ यांची, बेरीज करून काढलेला असतो आणि एकाच उपकरणाला ती बेरीज कधीही मिळत नाही. माहितीपत्रकात पोर्टसमोर १०/१००/१००० लिहिले आहे की केवळ १०/१००, हे वाचूनच राउटर घ्यावा.

नवी केबल घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्यावी. घरातल्या अंतरांना दोन्ही गिगाबिट पेलतात. नियमाने मर्यादा १०० मीटरची आहे. मात्र तार शुद्ध तांब्याची हवी. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एकाच रंगाच्या दोन गुंडाळ्या मिळतील, एकीची किंमत दुसरीच्या निम्मी. त्यांपैकी स्वस्तातली बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. सुरीने तारेचे एक टोक खरवडावे. आत चंदेरी रंग दिसला तर ती केबल घेऊ नये, कारण ती वाकवली की तुटते आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तिच्या जोडांना गंज लवकर धरतो.

टोक बसवायला क्रिंपिंगचे हत्यार लागते. क्लिपची खिट्टी खाली, तोंड आपल्यापासून दूर, अशी धरल्यावर डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. तारांचा पीळ क्लिपच्या अगदी जवळ येईपर्यंत सोडवू नये, आणि केबलचे बाहेरचे आवरण क्लिपच्या आत जाऊन दाबले गेले पाहिजे, नाहीतर केबल ओढली गेली की तारांवर ताण येतो.

फ्लॅटमध्ये भिंत फोडायची नसेल तर आधी लँडलाइनचा जुना पाइप शोधावा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील अनेक इमारतींत एमटीएनएलच्या फोनसाठी किंवा केबल टीव्हीसाठी हॉलपासून बेडरूमपर्यंत भिंतीतून पाइप घातलेला असतो आणि आता त्यातली वायर बंद पडलेली असते. तिच्याच टोकाला कॅट ६ बांधून एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने ढकलायचे, की बरेचदा नवी केबल फोडाफोडीशिवाय पोहोचते. विजेच्या वायरिंगचा पाइप मात्र यासाठी कधीही वापरू नये. आवरण सोलले गेले तर २३० व्होल्ट थेट उपकरणात आणि माणसाच्या हातात येऊ शकतात.

जे उपकरण जागचे हलत नाही, म्हणजे टीव्ही, टेबलावरचा संगणक, गेम कन्सोल, ते शक्यतो केबलवरच ठेवावे. पोर्ट कमी पडल्यास पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच लावावा. त्यात कोणतीही सेटिंग करावी लागत नाही. यामुळे वाय-फायवरचा भार उतरतो आणि मोबाइलनाही हवेत जागा मिळते.

मुंबईच्या भिंती आणि राउटरची जागा

जोडणी देणारा माणूस डबा दाराजवळ, चपलांच्या कपाटावर किंवा मीटरच्या पेटीशेजारी लावून जातो, कारण त्याची वायर तिथे संपते. घराच्या एका टोकाला बसलेल्या त्या डब्याचा निम्मा संकेत जिन्यात आणि शेजारच्या घरात जातो. डबा हलवता येत नसेल तर दहा मीटरची लॅन केबल टाकून वेगळा राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर किंवा थोडा वर, उघड्या जागी ठेवावा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा पोटमाळ्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये. धातू संकेत परतवतो आणि पाणी शोषते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणून स्वयंपाकघराला लागून राउटर नको.

इमारतीच्या जातीप्रमाणे अपेक्षा बदलावी लागते. गिरगावात माझ्या मावशीच्या चाळीत खोल्यांमधली भिंत इतकी जाड आहे की बाहेरच्या खोलीतला ५ गिगाहर्ट्झचा संकेत स्वयंपाकघरात पोहोचतच नव्हता. मात्र दोन्ही खोल्यांची दारे गॅलरीत उघडत असल्याने राउटर दाराच्या चौकटीशेजारी, वर फळीवर ठेवताच तो उघड्या दारांतून आत पोहोचू लागला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अर्ध्या विटेच्या जाडीच्या भिंती त्या मानाने सौम्य असतात. नव्या टॉवरमध्ये मात्र, जिथे ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या ओततात, तिथे घर लहान असूनही दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ टिकत नाही. अशा घरात प्रत्येक मोठ्या खोलीपर्यंत केबल नेण्याची तयारी ठेवावी.

संकेताची ताकद मोजता येते. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केल्यास आरएसएसआय दिसतो. अँड्रॉइडसाठी वाय-फाय ॲनालायझर प्रकारची मोफत ॲप आहेत. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो, उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. राउटर दोन फूट सरकवावा आणि पुन्हा मोजावे; कधी कधी एवढ्या सरकवण्यानेच दहा डीबीचा फरक पडतो.

बँड आणि चॅनेल

२.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दाट वस्तीत मोबाइलवर तीस-चाळीस राउटरांची नावे सहज दिसतात आणि ती सर्व याच तीन जागांत दाटीवाटीने बसलेली असतात. ॲपमध्ये पाहून तिघांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडावा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी, आणि ३ किंवा ८ असा मधला चॅनेल घेऊ नये, कारण त्याला दोन्हीकडच्या गर्दीचा त्रास होतो.

मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर ठेवावेत. इथे रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवावी. बहुतेक राउटर ३६ किंवा १४९ च्या गटात बसतात. ५२ ते १४४ हा मधला पट्टा बराच मोकळा असतो, पण तो रडारशी वाटून घ्यावा लागतो. राउटर त्या पट्ट्यात सुरू होण्यापूर्वी निदान एक मिनिट कान देऊन बसतो आणि रडारचा संकेत ऐकू आला की चॅनेल सोडून देतो. ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास हवामान रडार काम करतात, आणि मुंबईत वेरावलीला हवामान विभागाचे सी-बँडचे डॉपलर रडार आहे. त्यामुळे पश्चिम उपनगरांत चॅनेल १२० ते १२८ टाळून ५२ ते ६४ आधी वापरून पाहावेत, आणि वाय-फाय अधूनमधून आपोआप गायब होत असेल तर मुकाट्याने ३६ वर परत यावे.

दोन्ही बँडांना वेगळी नावे द्यावीत की एकच, यावर मतभेद आहेत. घरात वृद्ध माणसे असतील तर एकच नाव ठेवावे. वाय-फायवर चालणारी बल्ब आणि प्लगसारखी उपकरणे बहुधा फक्त २.४ वर चालतात. ती जोडताना अडचण आली तर तेवढ्यापुरता ५ चा बँड बंद करून मग पुन्हा चालू करावा.

जुना राउटर आतल्या खोलीत वापरणे

बहुतेक घरांत एखादा जुना राउटर माळ्यावर पडलेला असतो. केबल आतल्या खोलीपर्यंत पोहोचली असेल तर तोच तिथे दुसरे वाय-फाय केंद्र म्हणून लावता येतो. ही कृती मात्र क्रमानेच करावी.

१. जुन्या राउटरचे रीसेटचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून तो मूळ स्थितीत आणावा आणि लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला जोडावा. मुख्य राउटरची केबल अजून लावू नये.

२. मागच्या चिठ्ठीवर दिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाकून आत जावे. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असेल तर तो निवडून थेट पाचव्या पायरीवर यावे.

३. तसा पर्याय नसेल तर त्याचा लॅन पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा. मुख्य राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यात हा पत्ता येत नाही, याची आधी खात्री करावी.

४. नव्या पत्त्यावरून पुन्हा आत जाऊन डीएचसीपी बंद करावे. घरात पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे. दोघे वाटू लागले की काही उपकरणे चालतात, काही चालत नाहीत आणि कारण सापडत नाही.

५. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवावा, चॅनेल मात्र वेगळा द्यावा.

६. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात लावावी. चौथ्या पायरीने आला असाल तर वॅनचे, म्हणजे एरवी बाहेरचे इंटरनेट जिथे जोडतात ते, पोर्ट रिकामे राहील.

या सेटिंग न बदलता केबल सरळ वॅनमध्ये लावली तर इंटरनेट चालते, पण घराची दोन वेगळी जाळी होतात: मोबाइल एकात आणि टीव्ही किंवा प्रिंटर दुसऱ्यात गेला की ते एकमेकांना दिसत नाहीत. ओएनटीच्या पुढे स्वतःचा राउटर लावल्यावरही हीच अडचण येते. तिथे सेवा देणाऱ्याला ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता संकेत फक्त पुढे देण्यावर, टाकायला सांगावे आणि लॉगिनचे नाव व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावा. ते मिळत नसेल तर आपला राउटरच अ‍ॅक्सेस पॉइंट करावा.

केबल नेणे शक्यच नसेल तेव्हा मेशचा, म्हणजे आपसांत बिनतारी जोडलेल्या दोन-तीन वाय-फाय केंद्रांच्या संचाचा, विचार करावा. एकाच बँडवर घेणारा आणि त्याच बँडवर देणारा स्वस्तातला रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, आणि मी तो कोणालाही सुचवत नाही. मेशचे दुसरे केंद्र जिथे संकेत मरतो त्या खोलीत ठेवू नये. जिथे तो अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवावे.

सगळे एकाच वेळी वापरतात तेव्हा

वेग पुरेसा असूनही संध्याकाळी कॉल अडखळतो, अशी तक्रार बऱ्याच घरांत असते. पुष्कळदा कारण अपलोडमध्ये असते. एका मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की अपलोडची वाट भरते, राउटर डेटाची उरलेली पाकिटे (लहान तुकडे) रांगेत साठवतो आणि तुमच्या आवाजाची लहानशी पाकिटेही त्या रांगेच्या शेवटी उभी राहतात. तपासणीसाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून, एक जागा सोडून ८.८.८.८, पुन्हा जागा सोडून वजा चिन्ह व टी लिहावे आणि ते चालू असतानाच मोठी फाइल अपलोड करावी. एरवी ५ ते १० मिलिसेकंद दाखवणारा आकडा ३०० वर गेला तर दोष हाच.

राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम, म्हणजे ही रांग आवरणारी सोय, असेल तर ते चालू करून डाउनलोड आणि अपलोडच्या मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवाव्यात. थोडा वेग सोडून दिल्याने रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि कॉल सुरळीत चालतो. तशी सोय नसेल तर बॅकअप रात्री दोननंतरच्या वेळेवर लावावा. डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलल्याने पाने उघडायला किंचित लवकर सुरुवात होते, पण मुळातला वेग वाढत नाही. त्यावर फार वेळ घालवू नये.

राउटर नसताना वाटून घेणे

बाहेरची जोडणी बंद पडली तर मोबाइलचा डेटा घराला पुरवता येतो. एकाच संगणकाला हवा असेल तर हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग चांगले. केबलने मोबाइल चार्जही होत राहतो. उलट, केबलने आलेले इंटरनेट लॅपटॉपवरून इतरांना द्यायचे असेल तर विंडोजमधील मोबाइल हॉटस्पॉट चालू करावा. त्यावर आठपर्यंत उपकरणे जोडता येतात. मोबाइल खिडकीशी ठेवावा, कारण काँक्रीटच्या आत ४जी आणि ५जीचा संकेतही तितकाच क्षीण होतो.

शेजाऱ्यांशी जोडणी वाटून घेण्याबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. चाळीत आणि लहान इमारतींत ही रीत प्रेमातून येते, पण सेवेच्या करारात बहुधा जागेबाहेर वापराला मनाई असते आणि त्या जोडणीवरून कोणी काही गैर केले तर चौकशी नाव असलेल्याकडेच येते. पाहुण्यांसाठी राउटरमधील गेस्ट नेटवर्क वेगळ्या पासवर्डने चालू करावे. त्यामुळे त्यांना इंटरनेट मिळते आणि तुमचे संगणक, कॅमेरे त्यांना दिसत नाहीत. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावी, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिन वापरून उपकरण जोडण्याची सोय) बंद करावे, राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलावा. राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, अद्ययावत करताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी.

तक्रार करताना

घरातील सर्व टप्पे तपासून झाल्यावरही केबलवरचा वेग कमी असेल तर मोजमापाचा कागद पुढे ठेवून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगितले तर राउटर बंद-चालू करायला सांगतात. ‘लॅन केबलवर, लिंक १००० असताना, तीन रात्री दहा वाजता ३०० पैकी ७० मिळाले’ असे सांगितले की बोलणे पुढे सरकते. समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे त्याच क्रमांकाने दाद मागता येते.

मागच्या पावसाळ्यात आमची जोडणी दिवसातून सहा-सात वेळा तुटू लागली. आलेल्या मुलाने सवयीने राउटरच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा मी त्याला कागदावरचे आरएक्स पॉवरचे आकडे दाखवले: एप्रिलमध्ये उणे २०.६, जुलैमध्ये उणे २८.३. त्याने आणखी काही विचारले नाही. बॅग उचलून तो जिन्यात गेला, डक्टमधील पेटी उघडली, ओल धरलेला जोड कापून पुन्हा केला आणि खालूनच हाक मारून आता किती दिसते, असे विचारले. पानावर उणे २१.१ दिसत होते.